आत्मा, जिप आणि मुकाअ : सरकारी लघुनावांचं हसं का होतं

जिल्ह्याच्या कृषी खात्यात एक पद असतं, 'प्रकल्प संचालक, आत्मा'. मठ-मंदिराशी त्याचा काही संबंध नाही. अ‍ॅग्रिकल्चरल टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट एजन्सी या जिल्हास्तरीय यंत्रणेची ए, टी, एम, ए ही आद्याक्षरं सलग वाचली की 'आत्मा' होतो. १९९८ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून ही यंत्रणा सुरू झाली आणि २००५-०६ पासून देशभर नेली गेली. शेतकऱ्यांचे गट बांधणं, शेतीशाळा, प्रात्यक्षिकं, अभ्यासदौरे ही तिची कामं. काम सगळं मातीतलं, बातमी मात्र 'आत्मातर्फे हळद लागवड प्रशिक्षण' किंवा 'आत्माचा निधी अखर्चित' अशी वाचावी लागते. अक्षरं सुटी वाचायची ठरवली असती तरी सुटका नव्हती. 'एटीएमए' म्हटल्यावर लोकांनी पैसे काढायचं यंत्र कुठे बसवलंय ते विचारलं असतं.

अशी नावं कुणी चेष्टेनं ठेवत नाही. ती फायलीवर अतिशय गंभीरपणे घडतात. कशी घडतात ते पाहिलं की हसू नेमकं कुठून येतं ते सांगता येतं, आणि टाळायचं असेल तर टाळताही येतं.

लघुनाव घडण्याच्या आपल्याकडे तीन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे इंग्रजी अक्षरांची नावं एकापुढे एक म्हणायची : पीडब्ल्यूडी, एमआयडीसी, एमपीएससी. ही सर्वांत सुरक्षित, कारण तिच्यातून शब्दच तयार होत नाही. तिचा दोष एवढाच की देवनागरीत ती फार पसरते. पुण्याच्या बससेवेची पाच अक्षरं 'पीएमपीएमएल' अशी लिहिली की मथळ्याची अर्धी ओळ गेली, म्हणून वर्तमानपत्रांनी तिचं 'पीएमपी' करून टाकलं.

दुसरी वाट म्हणजे तीच इंग्रजी अक्षरं शब्दासारखी वाचायची : सिडको, म्हाडा, नाबार्ड, यशदा. हे जमायला मध्ये मध्ये स्वर लागतात, आणि ते नसले की नाव ठेवणारे थोडी हातचलाखी करतात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचं पूर्ण नाव 'सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन'. त्यातला 'अँड' गाळला आणि शेवटच्या शब्दाची एकाऐवजी दोन अक्षरं घेतली, म्हणून उच्चारता येणारा शब्द हाती आला. नाहीतर 'सीआयडीसी' झालं असतं आणि घरासाठी अर्ज करायला गेलेला माणूस पोलिसांच्या दारात उभा राहिला असता. 'बार्टी' आणि 'टीआरटीआय' या दोन्ही पुण्यातल्या संशोधन आणि प्रशिक्षण संस्था. एक शब्दासारखी वाचतात, दुसरी अक्षर अक्षर. कारण साधं आहे : पहिलीत आंबेडकरांच्या नावातला 'ए' आहे, दुसरीत सुरुवातीला स्वरच नाही.

स्वर नसला तरी लोकांना शब्दच हवा असेल तर ते आपल्या पदरचा स्वर घालतात. १९९९ चा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा घ्या. त्याची इंग्रजी अक्षरं एम, सी, ओ, सी, ए. 'एम' आणि 'सी' यांच्यामध्ये काहीच नाही. मराठी माणसानं त्याचा 'मोक्का' केला, हिंदीवाल्यांनी 'मकोका'. एकाच कायद्याची ही दोन नावं. आपल्या वाट्याला जे आलं ते कॉफीच्या दुकानातल्या पाटीवरही असतं. 'टोळीला मोक्का' हा मथळा आता कुणालाच खटकत नाही, ही सवयीची कमाल.

तिसरी वाट मराठी आद्याक्षरांची : जिप, मनपा, पोनि, मुकाअ. खरी गंमत या वाटेवर आहे.

देवनागरीत काहीही उच्चारता येतं

इंग्रजीत आद्याक्षर म्हणजे सुटं अक्षर, आणि बहुतेक वेळा ते व्यंजन निघतं. पाच-सहा व्यंजनं शेजारी बसवली तर जीभ अडते, म्हणून इंग्रजीत लघुनावाचा शब्द होणं हा योगायोग आहे. देवनागरीत अक्षराच्या पोटात स्वर असतोच. 'पोलीस' मधून आपण 'प्' घेत नाही, 'पो' घेतो. 'निरीक्षक' मधून 'नि' घेतो. त्यामुळे मराठी संक्षेप कितीही वेडावाकडा असला तरी वाचता येतो, आणि वाचता आला की तो कुठल्या तरी खऱ्या शब्दासारखा ऐकू येण्याची शक्यता आलीच. 'पोनि' हे पोलीस निरीक्षकाचं लघुरूप इंग्रजीतल्या 'पोनी'सारखं, म्हणजे तट्टासारखं, ऐकू येतं ते यामुळे.

पूर्वी याला एक आडकाठी होती, ती म्हणजे टिंब. 'जि.प.', 'मु.का.अ.', 'पो.नि.' असं लिहिलं की वाचणाऱ्याला थांबून पूर्ण शब्द आठवावे लागत. मथळ्यात जागा कमी, टंकताना टिंबाचा कंटाळा, मोबाइलवर तर विचारूच नका. टिंबं गळाली आणि अक्षरं चिकटली. 'जि.प.ची गाडी' लिहिलं तर कळायचं, 'जिपची जीप' लिहिलं तर डोळा अडखळतो. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं 'मु.का.अ.' टिंबांसह रुबाबदार दिसतं. टिंबं काढली की 'मुकाअ' उरतं, आणि त्यातला 'मुका' चुंबनाचा घ्यायचा की न बोलणाऱ्याचा, हे वाचणाऱ्याच्या मनावर. त्यांच्या हाताखाली 'उपमुकाअ' असतात.

पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात हा प्रकार सर्वांत दाट असतो. नमुन्याची एक ओळ अशी असते : 'सदरची कारवाई पोनि, सपोनि, पोउपनि, पोहवा, मपोशि यांच्या पथकाने केली असून पोस्टेला गुरनं प्रमाणे गुन्हा दाखल आहे.' सोडवून वाचायची तर : पोलीस निरीक्षक, सहायक पोलीस निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक, पोलीस हवालदार, महिला पोलीस शिपाई, पोलीस स्टेशन, गुन्हा रजिस्टर नंबर. विदर्भातल्या बातम्यांत 'स्थागुशा' भेटते, ती स्थानिक गुन्हे शाखा. एखाद्या जपानी पदार्थाचं नाव म्हणून खपेल. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि सरावाचं 'भादंवि' (भारतीय दंड विधान) जाऊन 'भान्यासं' (भारतीय न्याय संहिता) आलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 'भानासुसं' तर तीनदा भरभर म्हणून बघावं. तिकडे गोव्यात गोवा मेडिकल कॉलेजला मराठी वर्तमानपत्रं 'गोमेकॉ' म्हणतात. तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं घेऊन हे कडबोळं केलंय, आणि ते बिनतक्रार रुळलं आहे.

आता प्रश्न असा की कचेरीतल्या माणसांना हे रोज दिसत असून खटकत का नाही? कारण ते हे शब्द तोंडानं म्हणतच नाहीत. बोलताना 'सीईओ साहेब', 'बीडीओ', 'पीआय', 'पीएसआय' असंच चालतं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. तेव्हापासून कागद मराठीत आला, जीभ मात्र इंग्रजीतच राहिली. 'गविअ' लिहिणारा गटविकास अधिकाऱ्याला 'गविअ साहेब' अशी हाक मारत नाही. म्हणजे मराठी लघुरूप फक्त डोळ्यांसाठी तयार होतं, कानाची परीक्षा त्याला द्यावीच लागत नाही. ती परीक्षा घेतो तो वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणारा माणूस, आणि तोवर शिक्के तयार झालेले असतात.

विभक्ती लावली की फरक कळतो

इंग्रजी नाव मराठीत शब्द म्हणून वावरायला लागलं की व्याकरण त्याला वेगळं वागवतं. खरा 'आत्मा' विभक्ती घेताना बदलतो : आत्म्याचा, आत्म्याला, आत्म्यात. कृषी खात्यातला बदलत नाही : आत्माचा, आत्माला, आत्मात. विशेषनामांना आपण सामान्यरूप बहुधा करत नाही, तोच नियम इथे आपोआप लागू होतो. तेव्हा 'आत्म्याची शांती' आणि 'आत्माची बैठक' यांत घोटाळा होण्याचं कारण नाही. घोटाळा होतो तो प्रत्यय नसताना. 'आत्मा अंतर्गत कामे' असं लिहिलं की ते प्रवचनाचं शीर्षक वाटतं. उपाय एका शब्दाचा आहे : 'आत्मा यंत्रणा' किंवा 'आत्मा योजना' असं जोडून लिहावं.

१९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे 'फेरा', याचंही तसंच. 'फेराखाली अटक' म्हणजे कायदा आणि 'फेऱ्यात सापडला' म्हणजे दैव. अर्थात ज्याच्यावर तो लागे त्याला दोन्ही एकच वाटत असावं. १९९९ मध्ये त्याच्या जागी 'फेमा' आला, १ जून २००० पासून लागू झाला, आणि एक छान योगायोग मराठीतून गेला. ('फेमा' ही चार अक्षरं अमेरिकेत आपत्ती निवारणाच्या संस्थेची आहेत, ती निराळी.)

उच्च शिक्षणात २०१३ पासून 'रुसा' होती, राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान. मराठीत ते कसं वाचलं जाईल हे दिल्लीत कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मराठीत मात्र तो चक्क आज्ञार्थ आहे. अनुदान अडकलेल्या महाविद्यालयाला सरकारी पत्राच्या शीर्षस्थानी 'रुसा' दिसावं, यापेक्षा समर्पक काय? २०२३ मध्ये ती 'पीएम-उषा' झाली.

एका मात्रेनं होणारे अपघात वेगळे. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठी १९९६ चा कायदा आहे, 'पेसा'. 'पेसा क्षेत्रातली शिक्षक भरती' ही साधी बातमी. पण 'पे' वर आणखी एक मात्रा पडली की 'पैसा क्षेत्रातली शिक्षक भरती' होते आणि खुलासा काढायची वेळ येते. मोबाइलवरची शब्दसुधारणा 'पेसा'ला चूक समजून हा बदल स्वतःहून सुचवू शकते, तेव्हा पाठवण्याआधी बघावं.

आधी शब्द, मग वाक्य

अलीकडे उलटा मार्ग जास्त चालतो. आधी भारदस्त शब्द निवडायचा आणि मग त्यात बसेल असं इंग्रजी वाक्य जुळवायचं. अपघात टाळण्याचा हा खात्रीचा उपाय वाटतो, पण त्यानं हसू फक्त दुसरीकडे सरकतं. २०१८ च्या अर्थसंकल्पात 'गोबरधन' आली. तिचा विस्तार 'गॅल्व्हनायझिंग ऑरगॅनिक बायो-अ‍ॅग्रो रिसोर्सेस धन'. शेणापासून गॅस आणि खत, इतकी सरळ गोष्ट. तिच्यासाठी 'गॅल्व्हनायझिंग' कुठून शोधून आणावं लागलं ते 'जी' वरून कळतं. शेवटचा 'धन' तर तसाच सोडून दिला, त्याची फोड करायला दम उरला नसावा. कोळसा वाटपाच्या 'शक्ती' योजनेत 'के' हवा होता, म्हणून अख्ख्या इंग्रजी वाक्यात एकटा 'कोयला' बसवला. विमानसेवेच्या 'उडान'मध्ये तर 'उडे देश का आम नागरिक' असं पूर्ण हिंदी वाक्यच आहे, आणि खरं सांगायचं तर या जातीत तेच सर्वांत सरळ जमलंय.

या मार्गाचा खरा तोटा व्यवहारात दिसतो. चांगले शब्द थोडे आणि योजना फार, त्यामुळे टक्कर होते. 'अमृत' बघा. २०१५ ची केंद्राची 'अमृत' शहरांच्या पाणीपुरवठ्याची. महाराष्ट्राची 'अमृत' ही संशोधन, उन्नती व प्रशिक्षण प्रबोधिनी; तिच्या मराठी नावाची सुरुवात 'महाराष्ट्र' पासून होते, पण इंग्रजीत 'ए' पुढे यावा म्हणून 'अकॅडमी ऑफ महाराष्ट्र' असा क्रम फिरवलाय. एसटीची 'अमृत ज्येष्ठ नागरिक' ही पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या मोफत प्रवासाची. स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव आणखी निराळा. 'अमृतचा अर्ज कुठे करायचा' या प्रश्नाला नगरपालिका, आगार आणि प्रबोधिनी अशी तीन उत्तरं निघतात. यात हसण्यासारखं काही नाही, हेलपाटा मात्र खरा आहे. म्हणून शोधताना लघुनावाच्या जोडीला कामाचा शब्द टाकावा : 'अमृत पाणीपुरवठा', 'आत्मा कृषी', 'सारथी शिष्यवृत्ती'. नुसतं 'आत्मा' शोधलंत तर गीतेपासून सुरुवात होईल.

बाहेरची तीन उदाहरणं

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकी आरमाराच्या सरसेनापतीचं लघुनाव होतं 'सिंकस' : 'कमांडर इन चीफ, यूएस फ्लीट'. उच्चार 'सिंक अस', म्हणजे 'आम्हाला बुडवा'. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जहाजं खरोखरच बुडाली. त्याच महिन्यात पद सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिरल अर्नेस्ट किंग यांनी पहिल्या काही कामांत ते लघुनाव बदलून 'कॉमिंच' केलं. आरमारात ही नावं बिनतारी संदेश आखूड करण्यासाठी घडत. कागदावर बघितलं तर त्यात वावगं काहीच नव्हतं. इथेही कानानं परीक्षा घेतली नव्हती.

ब्रिटनमध्ये मे २००५ मध्ये व्यापार व उद्योग खात्याचं नाव बदलून उत्पादकता, ऊर्जा व उद्योग खातं केलं. खात्याच्या आद्याक्षरांचा 'डिपी' होत होता, म्हणजे बावळट. तेवढं कदाचित खपलंही असतं. पण मंत्र्याच्या पदनामाची, म्हणजे 'प्रॉडक्टिव्हिटी, एनर्जी अँड इंडस्ट्री सेक्रेटरी'ची, अक्षरं जोडून पुरुषाच्या अवयवाचं इंग्रजी नाव तयार होतं हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. आठवडाभरात जुनं नाव परत आलं. कॅनडात २००० साली एका नव्या राजकीय पक्षानं 'कॅनेडियन कन्झर्व्हेटिव्ह रिफॉर्म अलायन्स' असं नाव घेतलं. त्यात 'पार्टी' हा शब्द नव्हता, पण लोकांनी तो स्वतःहून जोडला आणि आद्याक्षरांच्या शेवटी 'क्रॅप', म्हणजे घाण, असा शब्द बसला. दोन शब्दांची अदलाबदल करून ते निस्तरावं लागलं.

या दोन्ही ठिकाणी मूळ नाव तपासलेलं असणार. नावापुढे किंवा मागे लोक जे चिकटवतात ते तपासलं नव्हतं.

नाव ठेवणाऱ्यांनी काय तपासावं

समजा एक कल्पित कार्यालय काढायचं आहे, 'राज्य डाळिंब विकास मंडळ'. इंग्रजीत 'एसपीडीबी', अगदी निरुपद्रवी. मराठीत रा.डा.वि.मं. टिंबं काढा, 'राडाविमं'. पहिल्या बातमीपासून हे मंडळ 'राडा' म्हणून ओळखलं जाईल. 'राडाच्या बैठकीत गोंधळ' हा मथळा कुठलाही उपसंपादक सोडणार नाही. 'राज्य' काढून टाकलं की प्रश्न संपतो, आणि हे कळायला दोन मिनिटं लागतात.

तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं आधी पूर्ण लिहावीत. इंग्रजी अक्षरं सुटी, इंग्रजी अक्षरं शब्दासारखी आणि मराठी आद्याक्षरं बिनटिंबाची, असे तिन्ही संक्षेप देवनागरीत उतरवावेत. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून बघावं, कारण बाहेर ते कुणी पाळणार नाही. मग पुढे 'उप', 'सह', 'प्र', आणि 'म' लावून बघावं, मागे 'अ' लावून बघावा, कारण अधिकारी येणारच. त्यानंतर 'लाच', 'घोटाळा', 'दणका', 'गायब' हे चार शब्द जोडून चार मथळे करावेत. मंगल प्रसंगी कुठलंही नाव शोभतं. परीक्षा वाईट बातमीत असते. शेवटी त्या खात्यात नसलेल्या माणसाला फोनवर वाचून दाखवावं. समोरून दोन सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर नाव बदलावं.

आपल्या राज्याच्या बाबतीत एक अडचण जन्मजात आहे. 'महाराष्ट्र राज्य' ची आद्याक्षरं 'म.रा.' आणि टिंबाशिवाय ती 'मरा'. जुनं वीज मंडळ कागदोपत्री 'मराविमं' होतं, आणि विजेच्या खांबावर 'मरा' लिहिलेलं काही बरं दिसत नाही. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं तेव्हा आद्याक्षरांचा नाद सोडून 'महावितरण', 'महापारेषण', 'महानिर्मिती' अशी नावं आली. अख्खा 'महा' घ्यायचा आणि त्याला कामाचा शब्द जोडायचा. ऐकताच काम कळतं, विभक्ती नीट लागते, दुसरा अर्थ निघत नाही. महाबीज तर त्याच्याही आधीचं. पुढे महारेरा, महामेट्रो, महाआयटी, महाज्योती अशी रांगच लागली. आता तक्रार एवढीच की यादीत शोधताना सगळं 'म' खाली सापडतं.

तरी चुकलंच तर? नाव बदलणं महाग पडतं. शासन निर्णय नव्यानं काढायचा, पाट्या आणि शिक्के बदलायचे, लेटरहेड, बँक खाती, लेखाशीर्षाखालची नोंद, संकेतस्थळाचा पत्ता, आणि चालू करारांत 'यापूर्वीचे नाव अमुक' अशी दुरुस्ती. म्हणून शहाणी कार्यालयं लघुनाव तेच ठेवून विस्तार बदलतात. 'बेस्ट' १९०५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यातला 'टी' ट्रामचा होता. १९४७ मध्ये ती पालिकेकडे आली आणि 'टी' ट्रान्सपोर्टचा झाला; ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली तरी अक्षराला धक्का लागला नाही. १९९५ मध्ये 'बॉम्बे'चा 'बी' 'बृहन्मुंबई'नं सांभाळला. चारही अक्षरं जागच्या जागी आहेत, आणि बस अर्धा तास आली नाही की थांब्यावरचे लोक त्या नावाचा जो उच्चार करतात, तोही.